दुखणारा पाय काय सांगतो?

मी डॉक्टर नव्हें आणि वैद्यही नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना पाढे आणि व्याकरण शिकविणारा एक मास्तर आहें. आयुष्याचीं अडतीस वर्षें वर्गांत उभें राहून गेलीं. त्यांतील पहिलीं कांहीं सातारा जिल्ह्यांत आणि पुढचीं सांगलींत. तेव्हां रक्तवाहिन्यांच्या विकारांसारख्या गहन विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच होईल. माझा अधिकार एवढाच कीं, या विषयाच्या अज्ञानानें मीं एका माणसाचें नुकसान केलें आहे. ज्यानें गणित चुकविलें त्यानेंच तें चारचौघांसमोर फळ्यावर पुन्हां सोडवावें, हा शाळेचा जुना नियम आहे. आज तोच पाळावयाचा आहे.

गोष्ट २०११ सालची. सांगलीच्या आमच्या शाळेंत एक शिपाई होता. वय चाळिशीच्या आंतबाहेर, अंगानें काटक, कामाला तत्पर. विडीचें व्यसन मात्र जबर. टपाल घेऊन कचेरींत जातांना तो वाटेंतल्या पानाच्या गादीशीं थांबे, एक विडी ओढी आणि मग पुढें चालूं लागे. कोणी विचारलें तर म्हणे, "चाललों कीं पोटरींत गोळा येतो. विडी ओढली कीं पाय मोकळा होतो." आम्ही हसत असूं. त्याच वर्षीं हिवाळ्यांत मुलांची सहल साताऱ्यास गेली. अजिंक्यतारा चढतांना हा गडी पन्नास-साठ पावलांवर दगड पाहून बसूं लागला. चवथीचीं मुलें त्याच्या पुढें निघून गेलीं. "काय रे, इतक्यांत म्हातारा झालास?" असें मीं त्याला सर्वांदेखत म्हटलें. तो ओशाळला आणि पोटरी चोळीत उठला.

पायांचें दुखणें मलाही होतें. वर्षानुवर्षें उभें राहून माझ्या पोटऱ्यांवर निळ्या, पीळ पडलेल्या दोरीसारख्या शिरा उठल्या होत्या. संध्याकाळीं पाय जड होत आणि घोटे सुजत. डॉक्टरांनीं मला रात्रीं पाय उशीवर उंच ठेवण्यास आणि दिवसा आंवळ पायमोजे घालण्यास सांगितलें होतें, व त्यानें मला चांगला गुण आला होता. आपल्याला लागू पडलेलें औषध दुसऱ्याला दिल्यावांचून माणसाला चैन पडत नाहीं. मीं माझाच उपाय त्या शिपायाला सांगितला, आणि वर माझ्याजवळची एक घट्ट पट्टीही पायाला गुंडाळावयास दिली. आठ दिवसांनीं तो म्हणाला, "गुरुजी, पाय उशीवर ठेवला कीं जास्तच ठणकतो. खाटेवरून खालीं सोडला कीं बरं वाटतं." मीं उत्तर दिलें, "सवय होईल. नेटानें कर."

श्रोतेहो, त्याच्या त्या दोन वाक्यांत त्याच्या रोगाचें निदान जवळजवळ पुरें झालें होतें. तें ऐकण्याचे कान मला नव्हते. पुढें त्याच्या अंगठ्याला ठेंच लागली. ती जखम दोन महिने भरेना. मग अंगठा काळा पडला. त्याला मिरजेस नेलें तेव्हां गुडघ्याखालीं पाय कापण्यावांचून गत्यंतर राहिलें नव्हतें. तेथील डॉक्टरांनीं मला एकच प्रश्न विचारला : "चालतांना दुखे, तें उभें राहतांच थांबे का?" मीं होय म्हटलें. "आधीं आणलें असतें तर पाय वांचला असता का?" असें मीं विचारलें. ते म्हणाले, "तसें छातीठोक सांगतां येत नाहीं. पण वांचविण्यास अवकाश होता."

त्या दिवसापासून मीं हा विषय डॉक्टरांना विचारून आणि पुस्तकें वाचून, विद्यार्थी होऊन शिकलों. त्यांतलें सार तें हें कीं, एकाच पायांत दोन निराळे रोग होतात, दोन्हींत पाय दुखतो, आणि एकाचा उपाय तोच दुसऱ्याचा अपाय ठरूं शकतो. म्हणून आधीं ओळख आणि मग उपचार.

रक्तवाहिन्या मुख्यत्वें दोन जातींच्या. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी. त्यांनाच धमन्या असेंही म्हणतात. शरीराकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या त्या नीला. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं हें रक्ताभिसरण सप्रमाण मांडलें. आणि रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या इटलींतील माल्पीघी यानें १६६१ सालीं सूक्ष्मदर्शकांतून पाहिल्या. विसाव्याच्या वेळीं आपलें हृदय मिनिटास सुमारें ७० ठोके देतें आणि तेवढ्या वेळांत सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतें.

आपल्या भागांतील दोन पाणीयोजना डोळ्यांपुढें आणल्या म्हणजे या दोन वाहिन्यांतील भेद चटकन उमगतो. साताऱ्याच्या पश्चिम भागास कासच्या तलावाचें पाणी येतें. तें डोंगरावरून स्वतःच्या भारानें खालीं उतरतें. रोहिणींतील रक्त तसें हृदयाच्या दाबानें पुढें जातें. अशा नळांत आंतून किटण बसलें तर शेवटच्या घरास पाणी पोंचत नाहीं. आतां म्हैसाळची योजना पाहा. तेथें कृष्णेचें पाणी पंपांनीं उचलून टप्प्याटप्प्यानें कवठेमहांकाळ, जत या उंच व अवर्षणग्रस्त भागांत चढवावें लागतें. पायांतील नीलांचें काम असें चढतीचें आहे. पोटरीचे स्नायू हे त्यांचे पंप. आपण पाऊल टाकलें कीं पोटरी आंवळते आणि रक्त वर ढकललें जातें. तें पुन्हां खालीं येऊं नये म्हणून नीलांत ठिकठिकाणीं एकाच बाजूस उघडणाऱ्या झडपा असतात. तेव्हां रोहिणी बिघडते ती कोंदल्यामुळें, आणि नीला बिघडते ती बहुधा झडपा सैल पडल्यामुळें. पहिलींत रक्त खालीं पोंचत नाहीं, दुसरींत तें वर चढत नाहीं. पुढचीं सर्व लक्षणें या एका भेदांतून निघतात.

प्रथम रोहिणीचा रोग घेऊं. तिच्या आंतल्या अस्तरांत चरबीचे थर हळूहळू सांचतात, कठीण होतात आणि वाट अरुंद करतात. ही क्रिया तरुणपणींच सुरू होते आणि वर्षानुवर्षें गुपचूप चालते. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तांतील वाढलेलें कोलेस्टेरॉल, वाढतें वय आणि घराण्यांतील वारसा हीं तिचीं मुख्य कारणें. बसून असतां स्नायूंना थोडें रक्त पुरतें. चालतांना त्यांना कितीतरी अधिक हवें असतें. तें मिळेनासें झालें कीं पोटरींत गोळा येतो. थांबलें कीं मागणी घटते आणि दोनचार मिनिटांत दुखणें जातें. पुन्हां तितकेंच अंतर चालल्यावर तें पुन्हां येतें. अडथळा वरच्या बाजूस असेल तर हेंच दुखणें मांडींत किंवा कुल्ल्यांत होतें.

आमच्या शिपायाचा पाय विडीनें मोकळा होत नव्हता, थांबल्यानें होत होता. विडीसाठीं तो थांबे, थांबल्यानें बरें वाटे, आणि श्रेय मात्र विडीला मिळे. जी वस्तु रोहिणी बंद करीत होती तिलाच तो औषध समजत होता. किती घरांतून असें चालत असेल, याचा विचार आपापल्या मनाशीं करावा.

या बाबतींत सातारकर आणि सांगलीकर यांच्यांत एक फरक मला दिसतो. साताऱ्यांत माची पेठेसारख्या गडाच्या पायथ्याच्या वस्तींत राहणाऱ्याला रोज चढ चढावाच लागतो. त्यामुळें पोटरीची तक्रार लवकर कळते. सांगलींत गणपतीच्या देवळापासून विश्रामबागेपर्यंत जमीन बहुतेक सपाट. शिवाय आतां पायीं चालतो कोण? दारांतून दुचाकीवर बसावें आणि दुकानाच्या दारांत उतरावें. जो चालतच नाहीं त्याला चालतांना होणारें दुखणें कळणार कसें? त्याचा रोग एकदम पुढच्या पायरीवर प्रकट होतो.

ती पुढची पायरी अशी. रात्रीं निजल्यावर पाऊल ठणकतें आणि पाय खाटेखालीं सोडला कीं आराम पडतो, कारण मग रक्त निदान भारानें तरी खालीं उतरतें. पाऊल गार लागतें, उंच केल्यास पांढरें पडतें, नडगीवरचे केस झडतात, नखें जाड होतात, बोटांवरची जखम भरत नाहीं आणि शेवटीं बोट काळें पडतें. मधुमेह्याच्या पायाची संवेदनाच गेलेली असते. त्याला गोळाही येत नाहीं आणि ठणकाही लागत नाहीं. त्याची पहिली तक्रार पुष्कळदां न भरणारी जखम हीच असते. म्हणून मधुमेह्यानें रोज रात्रीं आपलीं पावलें, तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्या. स्वतःस दिसत नसेल तर घरांतल्या मुलानें किंवा सुनेनें पाहाव्या. अनवाणी चालूं नये. आणि गार पडलेल्या पायाला गरम पाण्याच्या पिशवीनें शेकूं नये. बधिर कातडी भाजते तें कळत नाहीं, आणि ती भाजलेली जागा मग भरत नाहीं.

हा रोग ओळखण्याची पहिली परीक्षा घरीं करतां येते. मनगटावर जशी नाडी लागते तशी ती पावलाच्या वरच्या बाजूस मध्यावर आणि आंतल्या घोट्याच्या मागेंही लागते. मात्र पावलावरची नाडी कांहीं निरोगी माणसांतही हातीं लागत नाहीं. तेवढ्यावरून घाबरूं नये, डॉक्टरांना दाखवावें. ते घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून पहिल्यास दुसऱ्यानें भागतात. भागाकार १ च्या आसपास आला तर ठीक, ०.९ च्या खालीं आला तर पायाच्या रोहिणीचा रोग आहे असें समजतात. माझ्यासारख्या मास्तराला ही परीक्षा फार आवडली, कारण ती चवथीच्या गणितांत बसते. मधुमेह्यांत रोहिणी कठीण झाल्यामुळें हा आंकडा फसवा, म्हणजे अधिक, येऊं शकतो. तेव्हां अधिक तपासण्या कराव्या लागतात.

उपायांत पहिला म्हणजे तंबाखू पूर्णपणें सोडणें. विडी, सिगारेट, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, गुटखा आणि आपल्या घरांतील बायका दांतांना लावतात ती मशेरी, हें सर्व यांत आलें. मशेरी दंतमंजनाच्या नांवाखालीं फडताळांत राहते म्हणून ती कोणाच्या हिशेबांत धरली जात नाहीं. पण तीही भाजलेली तंबाखूच. तरुण तंबाखूसेवकांत रोहिणीचा एक स्वतंत्र आणि क्रूर रोग होतो. न्यूयॉर्कच्या लिओ ब्यूर्गर या डॉक्टरांनीं १९०८ सालीं त्याचें सविस्तर वर्णन केलें. त्यांचेंच नांव त्याला पडलें आहे. बहुधा पन्नाशीच्या आंतच हातापायांच्या लहान व मध्यम रोहिणी सुजून बंद होतात. आमच्या शिपायाला हाच रोग होता. तंबाखूचा सर्वस्वी त्याग हाच त्याला थोपविण्याचा खात्रीचा मार्ग. दिवसाची एक विडीसुद्धां रोग जागा ठेवण्यास पुरते. "कमी केली आहे" हें उत्तर येथें चालत नाहीं. व्यसन सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

हा रोग गरिबांचाच, असें मात्र समजूं नये. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज हे अतिशय सिगारेट ओढीत. १९४८ सालीं त्यांच्या पायांच्या रोहिणींचा विकार इतका वाढला कीं उजवा पाय कापावा लागतो कीं काय अशी भीति उत्पन्न झाली. मार्च १९४९ मध्यें, रोहिणी सैल पडाव्या म्हणून, त्यांच्या कंबरेजवळील मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया झाली. १९५१ मध्यें कर्करोगामुळें त्यांचें एक फुफ्फुस काढावें लागलें आणि ६ फेब्रुवारी १९५२ रोजीं ते झोपेंतच निवर्तले. वय अवघें छप्पन्न. राजवाड्यांत उत्तम शस्त्रवैद्य येऊं शकले. परंतु तंबाखूनें राजा आणि शिपाई असा भेद केला नाहीं.

दुसरा उपाय चालणें. दुखतें म्हणून लोक चालणें सोडतात, आणि येथेंच चुकतात. चालावें, पोटरींत बऱ्यापैकीं दुखूं लागलें कीं थांबावें, थांबल्यावर पुन्हां चालावें. असें विसाव्यासह अर्धा ते पाऊण तास, आठवड्यांतून निदान तीन वेळां, आणि निदान तीन महिने करावें. मुख्य नळ अरुंद झाला तरी स्नायु मिळेल त्या रक्तांत अधिक काम करावयास शिकतात, आणि बिनादुखता चालण्याचें अंतर वाढतें. मात्र पायावर जखम असेल किंवा विसाव्यांतही पाय ठणकत असेल तर हा व्यायाम आपल्या मनानें करूं नये. आधीं डॉक्टर गांठावा. तिसरा उपाय औषधें : कोलेस्टेरॉल उतरविणारीं, रक्ताच्या गुठळ्यांना आळा घालणारीं, आणि रक्तदाब व मधुमेह ताब्यांत ठेवणारीं. हीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावीं आणि बरें वाटलें म्हणून बंद करूं नयेत. इतक्यानें भागलें नाहीं तर रोहिणींत फुगा घालून ती रुंद करतां येते, किंवा पर्यायी वाहिनी जोडून रक्ताला नवी वाट देतां येते.

यापुढें नीलांचा रोग, म्हणजे माझा. शिक्षक, पोलीस, न्हावी, स्वयंपाकी, दुकानांत दिवसभर उभे राहणारे नोकर, आणि ओट्याशीं उभ्या राहणाऱ्या गृहिणी यांना हा परिचित आहे. गर्भारपणांत आणि स्थूलपणांतही तो बळावतो. पोटरी हालत नाहीं म्हणजे पंप बंद. रक्त सांचतें, झडपा सैल पडतात आणि शिरा फुगून पिळवटतात. सकाळीं पाय हलके, संध्याकाळीं जड. घोट्याभोंवतीं सूज येते. पुढें तेथील कातडी तपकिरी होते, खाजते, आणि आंतल्या घोट्याच्या वर चिघळणारा व्रण होतो. येथें पाय उंच केला कीं बरें वाटतें, आणि चाललें तरी बरें वाटतें. नुसतें उभें राहणेंच बाधतें.

म्हणून रोज दोनतीन वेळां पाय छातीच्या पातळीहून उंच करून पंधरावीस मिनिटें पडावें. उभ्यानें काम करावें लागल्यास मधूनमधून टांचा उचलाव्या आणि टेंकाव्या. वर्गांत पाढे म्हणवून घेतांना हें सहज साधतें. वजन आटोक्यांत ठेवावें. आंवळ मोजे उपयोगी खरे, पण ते घालण्यापूर्वीं पायाच्या रोहिणी ठीक असल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी. रक्त आधींच कमी येत असलेल्या पायाला ते आंवळले तर काय होतें, तें मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. फुगलेली शिर फुटून रक्त वाहूं लागलें तर घाबरूं नये; आडवें व्हावें, पाय उंच करावा, स्वच्छ फडक्यानें त्या जागेवर दाब देऊन ठेवावा आणि मग डॉक्टरांकडे जावें. हल्लीं लेसरनें किंवा उष्णतेनें ही शिर आंतून बंद करण्याचा उपचार अनेक ठिकाणीं होतो.

नीलांचाच एक दुसरा विकार मात्र थांबण्यासारखा नाहीं. शस्त्रक्रियेनंतर, पुष्कळ दिवस अंथरुणाला खिळल्यावर, लांबच्या प्रवासांत तासन्‌तास बसून राहिल्यावर, बाळंतपणाच्या मागेंपुढें, किंवा कर्करोगाच्या आजारांत पोटरीच्या खोल नीलेंत रक्ताची गुठळी होते. बहुधा एकच पाय सुजतो, दुखतो आणि ऊन लागतो. आपल्याकडे अशा पायाला तेल लावून रगडण्याची हौस असते. ती येथें जिवावर बेतूं शकते; गुठळी सुटून फुफ्फुसांत गेली तर एकाएकीं धाप लागते, छातींत दुखतें, आणि मृत्युही ओढवतो. एक पाय अकस्मात् सुजला तर चोळूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. ध्वनिलहरींच्या तपासणीनें निदान होतें आणि रक्त गोठूं न देणारीं औषधें बहुधा निदान तीन महिने घ्यावीं लागतात.

कांहीं प्रसंगीं तर दिवसाचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. पाय एकाएकीं असह्य दुखूं लागला, पांढरा व गार पडला, बधिर झाला, बोटें हालेनाशीं झालीं, तर रोहिणी एकदम बंद पडली असें समजावें. सुमारें सहा तासांनंतर तो पाय वांचणें कठीण होत जातें. तसेंच मेंदूच्या रोहिणीचें. तोंड एका बाजूस वांकडें झालें, एक हात उचलेना, बोलणें अडखळलें, तर तो अर्धांगाचा झटका समजावा. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. ओवाळणें, नस्य, तेल, शेजाऱ्यांचा सल्ला यांत तो वेळ घालवूं नये. लक्षणें दहा मिनिटांत आपोआप गेलीं तरीही जावेंच. ती पुढच्या संकटाची पूर्वसूचना असते. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. उपचाराच्या बाबतींत आपण दैववानही आहों. मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभारल्यापासून हें गांव दूरदूरच्या रोग्यांचें आशास्थान झालें. १९६२ पासून तेथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याच्या बाजूस कराडलाही मोठें रुग्णालय आहे. वाट लांब नाहीं. निघण्यास उशीर होतो तो घरांत.

येथें कोणी म्हणेल, पायाच्या गोष्टींत मेंदू कोठून आला? तो आला याचें कारण असें कीं, ज्या किटणानें पायाची रोहिणी कोंदते तेंच हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिणींतही बसत असतें. पायाचा गोळा हा पुष्कळदां हृदयविकाराचा आगाऊ निरोप असतो. आणि रोहिणींचा सर्वांत मूक शत्रु म्हणजे वाढलेला रक्तदाब. १४०/९० हा आंकडा वारंवार ओलांडला जात असेल तर उपचार हवा, मग डोकें दुखो वा न दुखो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब अतिशय वाढलेला होता. त्या काळीं त्यावर प्रभावी औषध हातीं नव्हतें, आणि १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते गेले. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९४९ सालीं, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं आपल्या सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो हें रोग्यांवरील अनुभवानें सिद्ध करून इंग्लंडमधील हृदयविषयक मासिकांत प्रसिद्ध केलें, आणि जगाचें लक्ष या वनस्पतीकडे वेधलें. आतां तिच्याहून सुरक्षित औषधें स्वस्तांत मिळतात. म्हणून सर्पगंधा आपल्या मनानें घेण्याचें कारण नाहीं. वर्षांतून एकदां तरी दंडाला पट्टा बांधून घेण्याचें कारण मात्र प्रत्येक गृहस्थाला आणि गृहिणीला आहे.

आतां फळा पुसण्यापूर्वीं उजळणी करूं. घरांत कोणी "पाय दुखतो" असें म्हणालें तर चार प्रश्न विचारावे. चालतांना दुखतो कीं उभें राहून? थांबल्यावर थांबतो का? पाय उंच केल्यानें बरें वाटतें कीं खालीं सोडल्यानें? एक सुजला आहे कीं दोन्ही? चालतांना दुखणारा आणि खालीं सोडल्यानें बरा वाटणारा पाय रोहिणीचा; उभ्यानें जड होणारा आणि उंच केल्यानें बरा वाटणारा पाय नीलेचा; एकाएकीं सुजलेला एकच पाय आजच्या आज रुग्णालयाचा. गुडघ्याच्या सांध्याचे व कंबरेच्या मणक्याचे विकारही पाय दुखवितात. म्हणून अखेरचा निर्णय डॉक्टरांचा. परंतु योग्य प्रश्न वेळेवर विचारणें हें घरच्या माणसांचें काम आहे, आणि उत्तर लक्षपूर्वक ऐकणें हें त्याहून मोठें काम आहे.

तो शिपाई आतां कृत्रिम पायावर चालतो. विडी त्यानें त्या दिवशीं सोडली ती सोडलीच, आणि दुसरा पाय आजवर धड आहे. मी निवृत्त झालों त्या दिवशीं मीं त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तर सांगितलंत तरी. बाकीचे हसलेच." त्या हसणाऱ्यांत मीही होतों, हें तो विसरला होता किंवा विसरल्यासारखें दाखवीत होता. पुढें एकदां शाळेंत गेलों असतां तो नव्या शिपायाशीं बोलत होता. तो पोरगा पोटरी चोळीत पायरीवर बसला होता, आणि हा त्याच्या खिशांतील विडीबंडलाकडे पाहत विचारीत होता, "बसल्यावर थांबतं का रे?"

मीं अडतीस वर्षांत विचारलेल्या सर्व प्रश्नांहून तो प्रश्न मला मोलाचा वाटला. तो आपल्या स्वाधीन करून आपली रजा घेतों.